कृष्णस्वामीरावांनी गयेला सोडलेलं फळ

तंजावूरला राजवाड्याच्या मागे आपल्या मराठी माणसांची जी गल्ली आहे, तिथं कृष्णस्वामीरावांइतका सज्जन माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतका पळवाटा काढणाराही नव्हता. एकाच माणसात दोन्ही कसं, असं कोणी विचारील. तर त्याचं असं, की एकादशीला भात खायचा नाही असं त्यांना आईनं लहानपणी बजावलं, आणि त्यांनी जन्मात खाल्ला नाही. सकाळी पोह्यांचा उपमा, दुपारी तुपात सोडलेले डाळीचे जाड डोसे, म्हणजे अडै, चारला शेवया, रात्री पुन्हा काही तळलेलं. पण भाताचं शीत? छे! सासऱ्यांना वचन दिलं होतं की सिनेमाच्या थेटरात पाऊल टाकणार नाही. राव थेटराच्या सायकल स्टँडवर स्टूल टाकून बसत आणि मागच्या दारातून सबंध सिनेमा ऐकून येत. पाऊल आत नाही! घरी येऊन बायकोला गाणी म्हणून दाखवत, ती वेगळीच.

नोकरी त्यांची सरकारी भातखरेदीत. शेतकऱ्यानं पोतं उघडलं की राव चार दाणे दाढेखाली धरत. ‘टक’ वाजलं तर वाळलेलं, ‘कच्’ झालं तर घरी न्या आणि ऊन दाखवा. पुढं ओलावा मोजायचं यंत्र आलं. राव म्हणाले, “दात नसलेला कारकून आणून बसवला,” आणि त्याच सालात निवृत्त झाले.

निवृत्तीच्या आधी, आईचं वर्ष सरल्यावर, ते आणि त्यांची बायको अलमेलु काशी-गयेला गेले होते. आमच्यात रीत अशी, की गयेला अक्षयवटाखाली शेवटचा पिंड झाला की आईवडिलांच्या नावानं एक फळ सोडायचं. जन्मभरासाठी. आवडतं फळ सोडावं, म्हणजे त्या सोडण्याला अर्थ. अलमेलुचं माहेर पन्रुटीकडचं. तिकडं दारोदार फणसाची झाडं. ही बाई लहानपणी फणसाच्या ढिगाशेजारी झोपायची म्हणे, वास येत राहावा म्हणून. पंड्यानं विचारलं, “बोलो माई, कौन-सा फल?” ती म्हणाली, “फणस,” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मग पंडा रावांकडे वळला. रावांच्या डोक्यात फळांचा बाजार भरला होता. केळं? केळ्याशिवाय तंजावुरात माणूस जगेल कसा! आंबा? आंबा तर नाहीच नाही. पेरू सोडावा, तर तो कोवळा मीठ-तिखट लावून काय लागतो! एवढ्यात त्यांना कोडैकानल आठवलं. खात्याच्या कसल्याशा प्रशिक्षणाला ते एकदा तिकडं डोंगरावर गेले होते. तिथल्या बंगल्याच्या आवारात एक झाड, झाडाला हिरवी, पोटुशी फळं. माळ्यानं एक कापून दिलं होतं. बटर फ्रूट म्हणतात, म्हणाला. रावांनी एक घास खाल्ला आणि त्यांना वाटलं, भिजलेला साबण खाल्ला. ते फळ त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नव्हतं, पाहायची इच्छाही नव्हती.

“बटर फ्रूट,” राव म्हणाले.

“क्या?”

“बटर फ्रूट.”

“होगा,” म्हणाला पंडा, आणि त्यानं हातावर पाणी सोडलं. अलमेलु अजून पदरात होती. तिनं काही ऐकलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण परतीच्या गाडीत गल्लीतल्याच हिराबाई डब्यात होत्या, आणि त्यांना लोकांच्या पुण्याची फार चौकशी.

“राव, तुम्ही काय सोडलंत?”

राव नुसते हसले. तेवढ्यात अलमेलुच म्हणाली, “विचारू नका, हिराअक्का. वटाखाली यांचा चेहरा पाहिला मी. असा उतरला होता, की तिथंच ओळखलं. आंबा सोडला यांनी.”

रावांनी तोंड उघडलं. हिराबाईंनी दोन्ही हात जोडले. “आंबा! अगबाई! असं धैर्य पुरुषांत कोठे असतं?” बाकावरच्या दोघा परक्या माणसांनीही वळून पाहिलं. आणि त्या पाहण्यात काय गोडी होती कोण जाणे, राव तोंड मिटून खिडकीबाहेर बघत बसले. खोटं ते बोलले नाहीत. ते बोललेच नाहीत.

गाडी तंजावूरला पोचायच्या आधीच जणू बातमी पोचली. तेव्हापासून कृष्णस्वामीराव म्हणजे गयेला आंबा सोडलेला माणूस. लग्नात वाढप्या आंब्याची पचडी घेऊन येई आणि त्यांचं पान आदरानं ओलांडून पुढं जाई. पोरांना सांगत, बघा, याला म्हणतात मन. घरात उन्हाळाभर आंब्याचा वास येईना. वर्षातून एकदोनदा राव तिरुवैयारूला सुब्रह्मण्य नावाच्या जुन्या स्नेह्याकडे जात, परसात बसून दोन-चार आंबे हाणत, आणि कावेरीत मिशा धुऊन परत येत.

अशी वर्षं गेली. देशात म्हणे दारं-खिडक्या उघडल्या. ज्या फोनसाठी अर्ज करून लोक म्हातारे होत, तो घराघरांत वाजायला लागला. रावांचा मुलगा कार्तिक कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेला गेला. गावात पोटाच्या आतलं दाखवणारं स्कॅन सेंटर निघालं, आणि जत्रेला जावं तशी माणसं पोट दाखवायला जायला लागली. अलमेलुनं रावांनाही नेलं. काचेच्या दारापलीकडं बसलेल्या डॉक्टर गायत्रीनं फोटो बघितला आणि म्हणाली, “अंकल, लिव्हरवर चरबी आहे. आत्ता लक्ष दिलंत तर काही नाही. नाही दिलंत, तर पुढं त्रास आहे.”

ओट्यावर ही बातमी फुटली. सुब्रह्मण्य तिरुवैयारूहून मुद्दाम भेटायला आला होता. तो म्हणाला, “असणारच चरबी! एवढ्या एकादश्या केल्या, वाया जातात काय?” सगळे हसले. राव हसले नाहीत. रात्रभर ते बरगडीखाली बोटं दाबून बघत होते.

रविवारी कार्तिकचा फोन आला.

“अप्पा, इथं अस्के लोक अवकाडो खातात.” अस्के म्हणजे सगळे. हा जुना शब्द आमच्या पोरांच्या तोंडी अमेरिकेतही राहिला बघा. “लिव्हरला चांगलं असतं म्हणतात. तुम्हीही खा.”

“काय काडो?”

“अवकाडो, अप्पा. फळ आहे.”

रावांचा जीव भांड्यात पडला. अमेरिकेचं फळ! ते कोण आणतंय तंजावूरला! ते जोरात म्हणाले, “खातो की! मिळेल त्या दिवसापासून रोज खातो. तुझ्या आजीची शपथ.”

अलमेलुनं रिसीव्हर ओढून घेतला. “ऐकलंस ना रे? सासूबाईंची शपथ घेतलीय. मी साक्षीला आहे.”

दुसऱ्या दिवशी ती बाजारात रामस्वामीच्या फळांच्या गाड्यावर गेली, आणि तासाभरात पिशवी घेऊन परत आली. राव झोपाळ्यावर होते.

“अहो, तुमचं अमेरिकेचं फळ आपल्या पळनीच्या डोंगरात पिकतं! रामस्वामी हसला मला. म्हणाला, अम्मा, अवकाडो कशास म्हणता, हे आपलं वेण्णैप्पळम. लोणीफळ! इंग्रजीत बटर फ्रूट.”

आणि तिनं ते हिरवं, पोटुशं फळ रावांच्या हातावर ठेवलं.

झोपाळा थांबला. राव फळाकडे बघत राहिले, आणि फळ त्यांच्याकडे. खावं, तर गयेला आईबापांच्या नावानं सोडलेलं पाणी मोडतं. न खावं, तर आईच्याच नावानं घेतलेली शपथ मोडते. का खात नाही ते सांगावं, तर आंबा सोडलेला माणूस मोडतो. चारी बाजूंनी कडी! जन्मभर मागची दारं शोधणारा हा माणूस पहिल्यांदाच दार नसलेल्या खोलीत उभा राहिला.

पण सवय जात नाही. ते म्हणाले, “अलमेलु, डॉक्टरनं लोणी-तूप बंद म्हणून सांगितलंय ना? याच्या तर नावातच लोणी!”

अलमेलु घाबरली. तशीच उठली आणि डॉक्टरकडे गेली. डॉक्टर गायत्री मनापासून हसली. म्हणाली, “आंटी, नाव आहे हो ते. लोणी नाही त्यात. एका फळानं लिव्हर बरं होतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तळलेलं बंद, गोड कमी, रोज चालायला पाठवा. आणि तुपाऐवजी यातलं अर्धं फळ दिलंत तर चांगलंच आहे.”

याही पळवाटेला कडी लागली.

फळ कच्चं होतं. अलमेलुनं ते पिकायला भाताच्या पिंपात पुरलं. आयुष्यभर भातात हात घालणारे राव आता त्या पिंपाजवळून जाताना अंग चोरत. रोज अलमेलु हात घालून दाबून बघे आणि म्हणे, “अजून घट्टच.” रोज रावांना एक दिवस मिळे. ते फळ कुजावं म्हणून त्यांनी गणपतीला नारळ बोलला. एका सकाळी ती म्हणाली, “आज मऊ जाहलं,” आणि रावांची मुदत संपली.

तिनं गर काढला, मीठ-मिरपूड घातली, लिंबू पिळलं, वाटी पुढं केली आणि समोर बसली. वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही, असं बसली. रावांनी पहिला घास तोंडात घेतला आणि गालात धरला. गिळलं नाही म्हणजे खाल्लं नाही, असा त्यांनी मनाशी हिशेब घातला. दुसरा दुसऱ्या गालात. आता परसात जाऊन टाकायचं, तेवढ्यात पुढच्या दारातून आवाज आला.

“आहेत का राव? तब्येत विचारायला आल्यें.”

हिराबाई! आणि त्या येऊन थेट पायरीवर बसल्या.

“कसं काय, राव?”

रावांनी मान हलवली.

“झोप लागते?”

मान.

“मी म्हणत्यें, ज्यानं आंबा सोडला त्याला देव असा आजार कशास देतो? सांगा बरं.”

यावर मान कशी हलवणार? हो म्हणून की नाही म्हणून? रावांचे दोन्ही गाल तट्ट. मीठ जिभेवर उतरायला लागलेलं. हिराबाई अलमेलुला म्हणाल्या, “अगं, यांचं तोंड सुजलंय की! लिव्हरचं असंच असतं. माझ्या दिरांचं आधी तोंडच सुजलं होतं.”

“काय जाहलं त्यांना?” अलमेलुनं विचारलं.

“काय होणार? गेले.”

राव उठले आणि धावत परसात गेले. अलमेलु मागं धावली, तर हे अळवाच्या वाफ्यात वाकलेले आणि तोंडातून हिरवं पडतंय. ती किंचाळली. तिला वाटलं, आता काही राहिलं नाही. तिनं शेजारी बोलावले, अमेरिकेला फोन लावला. कार्तिक म्हणाला, उद्याच्या उद्या मद्रासला मोठ्या इस्पितळात न्या, मी विमानाचं बघतो. फोन ठेवल्यावर ती देवापुढं जाऊन बसली. पुन्हा पुन्हा कपाळ जमिनीला टेकताना ती रावांना मागून दिसत होती. सांगावं वाटलं, अगं मला काही झालेलं नाही. पण मग विचारणार, हिरवं काय होतं? तोंडापर्यंत आलेलं त्यांनी पुन्हा गिळलं. एवढं मात्र बरं गिळता येत होतं त्यांना.

संध्याकाळी फिरायला जातो म्हणून ते निघाले, आणि गेले त्यागराजशास्त्र्यांकडे. घरातलं सगळं धर्मकृत्य शास्त्रीच चालवत. वय झालेलं, कानानं कमी.

“शास्त्री, ओळखीतला एकजण आहे. गयेला सोडलेलं फळ त्याला डॉक्टरनं खायला सांगितलंय.”

“औषध म्हणून चालतं.”

रावांना दार दिसलं. “चालतं ना? मग झालं तर!”

“थांबा. सोडलं तेव्हा सपत्नीक बसला होता ना? मग आताही तसंच बसायचं. बायकोनं खांद्याला दर्भ लावायचा, यानं फळाचं नाव घेऊन पितरांची क्षमा मागायची, मग खायचं.”

“नाव मनात घेतलं तर?”

“पितरांना ऐकू जाईल. मला जाणार नाही. मोठ्यानं घ्यायचं.”

“आणि बायको जवळ नसली तर?”

“का? ओळखीतल्याला बायको नाही?”

“आहे हो. तीच तर आहे!”

शास्त्र्यांनी चष्मा वर केला आणि रावांना निरखून पाहिलं. मग म्हणाले, “मग आधी तिचीच क्षमा मागून घ्या म्हणावं त्याला. पितर लांब राहतात. ती घरात असते.”

राव परत आले तेव्हा अलमेलु मद्रासची पेटी भरत होती. त्यांची नेसायची वेष्टी, टॉवेल, देवाची विभूती. डोळे सुजलेले. राव तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“मला काही जाहलेलं नाही. ते तोंडात धरलं होतं मी. गिळायचं नव्हतं म्हणून.”

“कशास?”

“मी गयेला आंबा सोडला नाही.”

“म्हणजे?”

“ते फळ सोडलं. लोणीफळ.”

अलमेलुला आधी कळेचना. ती म्हणाली, “पण ते तर परवा आलं घरात.” मग तिचे हात पेटीवरच थांबले. “आवडत नाही म्हणून सोडलंत?”

“हो.”

“आणि आंबा?”

“आंबा तू म्हणालीस. गाडीत.”

“मी म्हणाल्यें! तुम्हास तोंड नव्हतं?”

“हिराअक्कांनी हात जोडले गं. मग कसं सांगायचं?”

रावांना वाटलं, आता ती ओरडेल, नाहीतर हसेल. दोन्हीला ते तयार होते. ती बराच वेळ हातातल्या वेष्टीची घडीवर घडी घालत बसली, ती एवढीशी होईपर्यंत. मग अगदी हळू म्हणाली, “फणस मी सासूबाईंच्या नावानं सोडला. ठीक आहे. आंबा मी कोणाच्या नावानं सोडला?”

“तू कुठं सोडलास?”

“तुमच्या पानात नाही, तर माझ्या पानात कसा वाढून घेऊ? इतके उन्हाळे गेले. माझ्या पानात कधी पाहिलात?”

रावांनी आठवून बघितलं. एकेक उन्हाळा, एकेक लग्न, एकेक पंगत. आपल्या पानावरून पुढं गेलेला वाढप्या त्यांना दर वेळी दिसला होता. तो शेजारच्या पानाशी थांबला की नाही, हे त्यांना एकदाही आठवेना. त्यांनी तिकडं पाहिलंच नव्हतं.

“तेव्हापासून तुम्हीही एकसुद्धा खाल्ला नाहीत ना?” तिनं विचारलं.

आणि इथं बघा, रावांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. या घरात नाही. तिळमात्र खोटं नव्हतं त्यात. नुसतं म्हणायचं, की सुटले. अलमेलु त्यांच्याकडे बघत होती. बिचारीला वाटत होतं, निदान तेवढं तरी दोघांनी मिळून केलं असेल.

“खाल्ला,” राव म्हणाले. “तिरुवैयारूला. सुब्रह्मण्याकडे. दर वर्षी.”

अलमेलु उठली. खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला घालून निघून गेली. राव तिथंच बसून राहिले. त्यांना वाटलं, गेली हिराबाईंकडे. आता दिवे लागायच्या आत गल्लीला कळणार, उद्या शास्त्र्यांना, परवा कार्तिकच्या सासरी. त्यांनी उठून दाराची फट केली, बाहेर पाहिलं, पुन्हा येऊन पेटीजवळ बसले. जायचं तरी कुठं? मद्रासला?

ती आली ती पिशवीभर नीलम आंबे घेऊन. मोसमाचे शेवटचे, बारके, वासानं घर भरून टाकणारे.

“हिराअक्का भेटल्या?” रावांनी विचारलं.

“भेटल्या. म्हणाल्या, आंबे कोणास? म्हटलं, मला.”

“आणि माझं काय सांगितलंस?”

“तुमचं काय सांगायचं? तुम्ही आंबा सोडलाय. अस्क्या गल्लीला ठाऊक आहे.”

“अगं, पण आता तर तुला…”

“आता खरंच सोडा.”

रावांनी आंब्यांच्या पिशवीकडे पाहिलं.

“शुक्रवारी शास्त्र्यांना बोलवा,” ती म्हणाली. “मी दर्भ लावीन. मोठ्यानं नाव घ्यायचं. मग तुमचं लोणीफळ रोज खायचं, गालात न धरता. पहाटे उठून चालायचं. आणि एकादशीला तळलेलं बंद. कार्तिकला मी कळवत्यें, मद्रास नको म्हणून.”

शुक्रवारी तसंच झालं. शास्त्र्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही, म्हणून रावांना ‘बटर फ्रूट’ दोनदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या घरातून कोणीतरी ‘काय पाहिजे?’ म्हणून विचारलं. पुढं लिव्हरवरची चरबी पुष्कळ उतरली. डॉक्टर म्हणाली चालण्यानं, कार्तिक म्हणाला फळानं, आणि सुब्रह्मण्य म्हणाला धाकानं.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी अलमेलुनं आंबे धुतले, पितळी परातीत ठेवले आणि रावांसमोर मांडी घातली. राव उठायला लागले.

“बसा,” ती म्हणाली.

ते बसले. तिनं सुरी घेतली नाही. एक आंबा तळव्यात दाबला, देठ दातानं काढून टाकला आणि तोंडाला लावला. रस मनगटावरून कोपराकडे निघाला, तरी तिनं पुसला नाही. डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.  रावांनी खांद्यावरचा पंचा पुढं केला. तिनं तो घेतला नाही. कोय पांढरी होईपर्यंत चोखली, बाजूला ठेवली, आणि परात स्वतःकडे ओढून दुसरा आंबा उचलला.

“कसा आहे?” रावांनी विचारलं.

“खाऊ दे मला,” ती म्हणाली.